शाळेत पॉडकास्ट करायचाय? कमी खर्चात सामान असं निवडा

वर्गात पॉडकास्ट करायचं ठरलं की सगळ्यात आधी विचारलं जातं की माइक कुठला घेऊ, पण माझं ऐकाल तर हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी हातातल्या फोनवर एक रेकॉर्डिंग करून बघा, कारण निम्मा खर्च तिथेच वाचतो.

पहिली पायरी, खोली. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर मागे झणझण ऐकू आली तर त्या खोलीत कितीही भारी माइक आणला तरी आवाज घुमणारच. अशा वेळी पुस्तकांच्या कपाटांजवळचा कोपरा, जाड पडदे असलेली लहान खोली, नाहीतर टेबलावर अंथरलेली चादर, एवढ्यानेही बराच फरक पडतो आणि याला पैसे लागत नाहीत.

मग मोजा की एका वेळी किती मुलं बोलणार. मुलाखत असेल तर दोन, गटचर्चा असेल तर चार. सुरुवातीला दोनच ठेवा असं मी म्हणेन, चार जणांसाठी चार माइक आणि वर मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) लागतो, खर्च कुठल्या कुठे जातो.

आता माइक. दुकानात दोन प्रकार दिसतील, कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सर बारीकसारीक आवाजही उचलतो, म्हणजे शेजारच्या वर्गातली कविता, बेंच सरकवल्याचा आवाज, सगळं आत येतं. डायनॅमिक तुलनेने कमी नाजूक असतो, एखादवेळी मुलाच्या हातून पडला तरी सहसा चालतो, आणि तोंडाजवळ धरला की मागचा गोंगाट दबतो, म्हणून शाळेसाठी मी डोळे झाकून डायनॅमिकच सांगते. त्यातही कार्डिऑइड लिहिलेला बघा, तो समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतो.

पण तोंडाजवळ म्हणजे किती, तर चार बोटं ते वीतभर. हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा, कारण अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो, आणि हळू बोलणाऱ्या मुलांचं बोलणं यातच हरवतं. त्या मुलांचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून तर हा सगळा खटाटोप! फार जवळ गेलं तर प, फ, ब, भ म्हणताना हवेचा फटका बसतो, त्यावर स्पंजचं कव्हर लावा आणि माइक तोंडासमोर न धरता किंचित तिरका धरा. कव्हरं दोन-तीन घ्या, धुता येतात आणि मुलांमध्ये आलटून पालटून वापरता येतात.

अगदीच कमी बजेट असेल तर वायरवाला कॉलर माइक फोनला लावा. इथे एकच गोष्ट नीट बघायची, पिन. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनच्या हेडफोन जॅकला चालणारी, दोन असतील तर कॅमेऱ्याची, फोनला लावायला वेगळा कन्व्हर्टर लागतो. ज्या फोनला गोल जॅकच नाही त्याला त्याच्या चार्जिंगच्या जागी बसणाऱ्या पिनचाच, बहुतेक वेळा टाइप-सीचा, माइक घ्या.

हेडफोन मात्र विसरू नका, कान पूर्ण झाकणारा साधा वायरचा पुरे, ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो. रेकॉर्डिंग चालू असताना एका मुलाने ऐकत बसायचं, खरखर झाली की लगेच हात वर. हे काम मुलं फार मन लावून करतात.

सॉफ्टवेअरवर खर्च नको. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग आणि काटछाट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. लेव्हल, म्हणजे मीटरवर दिसणारी आवाजाची पातळी, सगळ्यात मोठ्या आवाजालाही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील अशी ठेवा, शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. शेवटी मोनो (एकाच चॅनेलची) एमपीथ्री फाइल ६४ केबीपीएसवर (हा आकडा जितका कमी तितकी फाइल लहान) काढा, २० मिनिटांचा भाग साधारण १० एमबीत बसतो, पालकांना फोनवर पाठवायलाही सोपं.

कॉम्प्युटरला लावायचा माइक घेणार असाल तर पुढचा विचार आत्ताच करा. दोन यूएसबी माइक एका कॉम्प्युटरवर एकत्र रेकॉर्ड करणं कटकटीचं असतं, ऑडॅसिटी एका वेळी एकाच डिव्हाइसवरून आवाज घेतं. म्हणून यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओच्या माइकची तीन पिनांची जोडणी) दोन्ही सोयी असलेला डायनॅमिक माइक शोधा, सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स असे आहेत. आज एकच घ्या, यूएसबीने थेट जोडा, दोन मुलांनी आळीपाळीने बोलायचं, आणि पुढच्या वर्षी पैसे आले की दुसरा तसाच माइक आणि दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (दोन माइक एकाच वेळी कॉम्प्युटरला जोडणारी डबी) घ्या, पहिला माइक एक्सएलआर वायरने त्यालाच जोडता येतो.