पानाचं क्षेत्रफळ मोजा गिम्पमध्ये

पान फ्लॅटबेड स्कॅनरवर सपाट ठेवून ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. मागे पांढरा कागद, आणि पानाशेजारी २ × २ सेंमीचा काळा कागदी चौकोन. फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये कडेचे रंग बिघडतात आणि निवड दातेरी येते.

गिम्प या चित्र-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘फझी सिलेक्ट’ने (सारख्या रंगाचा सलग भाग निवडणारं साधन) पान निवडा. निवडीची कड मऊ करणारे अँटीअलायझिंग आणि फेदर दोन्ही बंद हवेत, नाहीतर कडेचे पिक्सेल अर्धवट निवडले जातात. मग ‘कलर्स’मधल्या ‘इन्फो’तून हिस्टोग्राम (निवडलेल्या पिक्सेलचा आलेख) उघडा आणि पिक्सेलची संख्या टिपा. ३०० डीपीआयला १ चौ. सेंमीमध्ये सुमारे १३,९५० पिक्सेल बसतात. म्हणजे ५,५८,००० पिक्सेलचं पान ४० चौ. सेंमीचं. चौकोनही असाच मोजून पाहा, ५५,८०० च्या आसपास आकडा यायला हवा. फार फरक दिसला तर स्कॅनरच्या डीपीआयवर विसंबू नका, चौकोनाचाच आकडा प्रमाण धरा, त्याला ४ ने भागलं की १ चौ. सेंमीचे पिक्सेल मिळतात. मोजण्याआधी चित्राचा आकार मात्र बदलायचा नाही.

अळीने खाल्लेल्या पानाचं नुकसान काढायचं असेल तर ‘सिलेक्ट’मधलं ‘रिमूव्ह होल्स’ वापरून भोकांसह पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे खाल्लेला भाग. कड कुरतडलेली असेल तिथे हे चालत नाही, मूळ कड अंदाजाने हातानेच आखावी लागते.

फोटोशॉप वापरणाऱ्यांनी हिस्टोग्राममधल्या त्रिकोणी इशाऱ्यावर क्लिक करून कॅश लेव्हल १ करून घ्यावी. त्याशिवाय दिसणारा आकडा लहान केलेल्या प्रतीचा असतो.