पोटाच्या जुन्या आजाराची औषधे आणि बिघडलेली मनःस्थिती : घरच्यांनी काय पाहावे, काय लिहावे, डॉक्टरांना काय सांगावे

अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स हे आतड्यांना सूज आणणारे आजार, वर्षानुवर्षे पाठ न सोडणारी ॲसिडिटी किंवा जेवल्यावर पोट फुगण्याची तक्रार अशा दुखण्यांवर दिल्या जाणाऱ्या काही औषधांचा परिणाम आतड्यांपुरता राहत नाही. शौचातून रक्त पडणे थांबते, भूक उघडते, म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्याच आठवड्यात एरवी शांत असणारा माणूस भरल्या ताटावरून उठून भांडू लागतो, रात्र रात्र जागा राहतो किंवा कारण नसताना रडतो. मग जळगाव-भुसावळकडचे ऊन डोक्यात गेले, कापसाच्या भावाने टेन्शन दिले, बाहेरचे काही लागले, अशी नाना कारणे निघतात. सातपुड्याच्या पायथ्याशी कोणी भगताकडे नेण्याचाही सल्ला देतो. यांपैकी कोणाशीही वाद घालण्यात वेळ दवडू नये. त्याआधी एकच गोष्ट तपासावी: नवे औषध कोणत्या तारखेला सुरू झाले, किंवा जुन्याचा डोस कधी बदलला, आणि स्वभाव कोणत्या तारखेपासून बदलला.

तारखा जुळवण्यासाठी औषधाचे नेमके नाव हाती असावे लागते आणि अडचण नेमकी तिथेच येते. मेडिकलवाला दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार कापून देतो, तेव्हा घटकाचे नाव व मुदत बहुधा कापलेल्या उरल्या तुकड्यावर राहते. म्हणून बिल मागून घ्यावे, आणि निदान एकदा अख्खी पट्टी पाहून ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक छापलेले घटक वहीत उतरवून घ्यावेत. एकाच कॅप्सूलमध्ये दोन-दोन औषधे असतात आणि मनावर परिणाम करणारे बहुधा त्यांतले दुसरे असते. नाव नसलेल्या पुडीतून किंवा 'शंभर टक्के देशी' म्हणून डबीतून मिळालेल्या चूर्णाने दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखे वाटले, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. अशी भेसळ होत असल्याचे डॉक्टरांना चांगलेच ठाऊक असते. त्यामुळे ती डबी लपवू नये, फेकूनही देऊ नये, तपासणीला जाताना सोबत न्यावी.

स्टिरॉइड

मनःस्थिती बदलणाऱ्या पोटाच्या औषधांत सर्वांत आधी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा विचार करावा. कोलायटिस उसळला की ते बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करतात आणि मग दर आठवड्याला थोडे थोडे कमी करत आणतात. मनावरचा परिणाम सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसू लागतो आणि तो डोसाप्रमाणे वाढतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या पाहणीत, रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या रुग्णांचा रोजचा डोस ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात गंभीर मानसिक परिणामांचे प्रमाण १.३ टक्के होते. ४१ ते ८० मिलिग्रॅमच्या गटात ते ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के आढळले. हे आकडे गंभीर परिणामांचे आहेत. झोप उडणे आणि चिडचिड यांसारखे सौम्य परिणाम याहून पुष्कळ अधिक जणांना होतात.

लोकांच्या लक्षात सहसा राहत नाही ती बाब अशी की, स्टिरॉइडने मन नेहमी खचतेच असे नाही. पुष्कळदा ते अवाजवी फुलते. माणूस पहाटे तीनला उठून गोदाम आवरतो, एका दमात दहा योजना सांगतो, उसनवारीने खर्च करतो, आणि त्याला स्वतःला इतके बरे वाटत असते की काही बिघडले आहे हे तो मान्यच करत नाही. घरच्यांनाही सुरुवातीला हा हुरूप आजार बरा झाल्याचा आनंद वाटतो. माझ्या मते खचलेल्या मनापेक्षा हा प्रकार अधिक घातक ठरू शकतो, कारण त्याबद्दल कोणी तक्रारच करत नाही. एखाद्या आजोबांनी दोन-चार दिवसांत चार-पाच एकरांचा सौदा ठरवायला घेतला, तर त्यांची स्टिरॉइडची गोळी कधी सुरू झाली हे विचारणे अगोचरपणाचे नाही.

अशा वेळी सर्वांत मोठा धोका म्हणजे 'गोळीनेच होते आहे ना, मग आजपासून बंद' हा निर्णय. स्टिरॉइड तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतले असेल, तर कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे स्वतःचे नैसर्गिक स्टिरॉइड, तयार करणारी ग्रंथी मंदावलेली असते आणि गोळी एकदम थांबवल्यास अतिशय थकवा, उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणे इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. शिवाय मूळ आजार पुन्हा उसळतो तो वेगळाच. डोस कमी होताना, किंवा एकदम बंद केल्यावरही, मन खचू शकते, म्हणजे गोळी सोडल्याने मन ताळ्यावर येईलच असेही नाही. डोस बदलण्याचा अधिकार डॉक्टरांकडेच ठेवावा, पण त्यांना विचारता येण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत: दिवसाचा सगळा डोस सकाळी न्याहारीनंतर एकदमच घेता येईल का, कमी करण्याचा वेग बदलता येईल का, आतड्यात अधिक काम करणारे व शरीरात कमी पसरणारे ब्युडेसोनाइड या रुग्णाला चालेल का, झोपेसाठी काही दिवस वेगळे औषध लागेल का. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला पूर्वी उन्माद किंवा खोल नैराश्य येऊन गेले असेल, तर ते गोळी सुरू होण्याआधीच सांगावे. लाजेपोटी गप्प बसण्याची ही जागा नव्हे.

पोटफुगीच्या कॅप्सूलपासून क्षयाच्या गोळीपर्यंत

ॲसिडिटी आणि पोटफुगी यांसाठी सर्रास मिळणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोल, पँटोप्राझोल किंवा इसोमेप्राझोल यांच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असते. ते मुळात मानसिक आजारांवरच्या औषधांच्या वर्गातले आहे, हे पट्टीवर वाचून सामान्य माणसाला कळण्याची सोय नाही. ते महिनोन्महिने घेतले, तर काहींना एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, आतून उकळी फुटल्यासारखी अस्वस्थता येते. काहींच्या हालचाली मंदावतात, पाय घासत चालणे सुरू होते आणि चेहऱ्यावरचे भाव इतके ओसरतात की घरच्यांना ती उदासीनता वाटते. वयस्करांत हे अधिक घडते. स्त्रियांची पाळी चुकणे किंवा स्तनांतून दूध येणे हेही याच औषधाने होऊ शकते, कारण त्याने प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढते. मळमळीवरचे मेटोक्लोप्रमाइडही याच धर्तीचे असून त्याने खचलेपणा येऊ शकतो. युरोपीय नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्याचा वापर सामान्यतः पाच दिवसांपुरता मर्यादित करण्याची शिफारस केली. 'मागच्या वेळी गुण आला होता' म्हणून हीच कॅप्सूल मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणणे थांबवावे आणि ती किती महिने चालू आहे हे डॉक्टरांच्या कानी घालावे.

आतडी वारंवार आवळतात अशा रुग्णांना क्लिडिनियम व क्लोरडायझेपॉक्साइड यांची एकत्र गोळी दिली जाते. तिने झोप येते, दारूसोबत ती धोक्याची ठरते, आणि फार दिवस घेऊन एकदम सोडली तर भीती, निद्रानाश, क्वचित फिटही येऊ शकते. यातले क्लिडिनियम आणि पोटाच्या कळांवर दिले जाणारे डायसायक्लोमिन यांनी घाम कमी येतो, ही गोष्ट पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या मुलखात विशेष ध्यानात ठेवावी: मे महिन्यात अशी गोळी घेऊन दुपारी शेतात किंवा एसटीत असलेला म्हातारा माणूस बरळू लागला, तर तो केवळ मनाचा प्रश्न नसून उष्माघात असू शकतो.

प्रतिजैविकांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनने बेचैनी व निद्रानाश होऊ शकतो, आणि पोटातील हेलिकोबॅक्टर जंतूंवरील उपचारात असलेल्या क्लॅरिथ्रोमायसिनने क्वचित उन्मादही येतो. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की अनेकांना आधी क्षयाचे औषध सुरू होते. त्यातील आयसोनियाझिडनेही चिडचिड, झोप उडणे, क्वचित भ्रम असे परिणाम होतात, म्हणून क्षयाची औषधे चालू असतील तर तीही यादीत लिहावीत. कोलायटिसवर नेहमी दिल्या जाणाऱ्या मेसालामिनवर मात्र अशा बदलाचे खापर सहसा फुटत नाही. ती एकच गोळी चालू असेल तर अन्य कारणे आधी शोधावीत.

अन्य कारणे म्हणजे मुख्यतः आजार स्वतः. दीर्घकाळ रक्त गेल्याने हिमोग्लोबिन उतरते. लहान आतड्याचा शेवटचा भाग खराब असेल तर बी-१२ शोषले जात नाही. रात्री चार वेळा शौचास उठणाऱ्याचे मन ठिकाणावर राहावे ही अपेक्षाच चुकीची आहे. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, क्षार आणि स्टिरॉइडने वाढणारी साखर, इतक्या तपासण्या आपल्याला हव्यात का, हे डॉक्टरांना विचारावे.

वहीतली एक ओळ

रोज रात्री एकच ओळ लिहावी. ती साधारण अशी असावी: '१४ मार्च. प्रेडनिसोलोन ४०, सकाळी ८. शौचास ४ वेळा, रक्त नाही. झोप २ तास. शेतात गेलो नव्हतो तरी जागा. दुपारी मुलावर ओरडलो, कारण क्षुल्लक.' यातला शेताचा उल्लेख मुद्दाम आहे. शेतीपंपांना लाईट रात्रीची असली की केळी-कापसाला पाणी द्यायला गेलेला माणूस जागाच असतो, आणि औषधाने उडालेली झोप त्यात बेमालूम लपून जाते. झोपायला वेळ होता तरी झोप आली नाही, की झोपायला मिळालेच नाही, हा फरक वहीत दिसला पाहिजे. ज्याचा हुरूप वाढला आहे तो स्वतः असे काही लिहिणार नाही; तिथे बायकोने किंवा मुलाने वेगळी नोंद ठेवावी, मात्र त्यात शेरे नकोत, घडले तेवढेच लिहावे. 'वेड्यासारखे वागले' यापेक्षा 'रात्री दोनला उठून भावाला तीनदा फोन केला' ही नोंद डॉक्टरांच्या शतपट उपयोगाची असते.

डॉक्टरांना सांगताना

आतड्यांचे तज्ज्ञ बहुधा नाशिक, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरला असतात, नंदुरबारकडचे लोक सुरतला जातात, आणि दोन तपासण्यांमधला सगळा काळ तालुक्याच्या डॉक्टरांच्या भरवशावर जातो. त्यांच्या हाती अनेकदा तज्ज्ञांनी लिहून दिलेला डोस कमी करण्याचा तक्ताच नसतो. या तक्त्याची एक झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. फोन करताना 'आप्पांना करमत नाही' किंवा 'माले करमत नही' एवढ्यावर थांबू नये, कारण पलीकडच्या कंपाउंडरला त्यातून काहीच निष्पन्न करता येत नाही. त्याऐवजी असे सांगावे: 'डॉक्टर साहेब, मी रावेरहून बोलतो आहे. पेशंट माझे वडील, वय एकसष्ट, कोलायटिस. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सुरू होऊन आज नववा दिवस. पाचव्या दिवसापासून झोप दोन-तीन तास, बोलणे फार वाढले आहे, काल पैशांवरून घरात भांडण झाले. यापूर्वी असे कधी नव्हते. गोळी आम्ही बंद केलेली नाही. काय करावे?' शेवटून दुसरे वाक्य विसरू नये. औषध चालू आहे की बंद केले, यावर उत्तर बरेच अवलंबून असते.

काही लक्षणे दिसली तर फोनच्या उत्तराची वाट पाहू नये. नसलेले आवाज ऐकू येणे, घरचेच विष घालतील अशी शंका, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसणे, तापासोबत असंबद्ध बोलणे, किंवा मरणाची भाषा, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गरज पडल्यास १०८ वर गाडी बोलवावी. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारल्याने ते विचार मनात भरत नाहीत, उलट विचारणारा भेटला म्हणून माणूस बोलू लागतो. त्याला एकटे ठेवू नये, आणि फवारणीची औषधे घरातून किंवा खळ्यातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात द्यावीत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तिथे बोलतानाही चालू असलेल्या गोळ्यांची नावे सांगावीत. नाहीतर पोटाच्या औषधाचा विषय निघतच नाही.

मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले म्हणजे वेडे ठरवले, असा समज अजून आहे आणि त्यापायी चिठ्ठी खिशातच राहते. प्रत्यक्षात औषधाने आलेला बदल डोस उतरल्यावर किंवा औषध बदलल्यावर बहुतेकांत ओसरतो, आणि मधल्या काळात लागणारी गोळी जन्माची नसते.

प्रकरण निवळल्यावर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत औषधाचे नाव, डोस, कितव्या दिवशी काय झाले आणि काय केल्यावर थांबले, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण कोलायटिस पुन्हा उसळला की समोर कदाचित दुसरेच डॉक्टर असतील आणि तेच औषध तितक्याच डोसात पुन्हा लिहिले जाईल. याच नोंदीच्या आधारे भारतीय औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाकडे तक्रार देता येते. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा विनामूल्य क्रमांक कामाच्या दिवशी चालू असतो, आणि रुग्णाला किंवा नातेवाइकांनाही तिथे नोंद करता येते. फोनवर औषधाचे नाव, पट्टीवरचा बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख विचारतात. म्हणून संपलेली पट्टी लगेच कचऱ्यात न टाकता वहीच्या त्याच पानाला टाचून ठेवावी.