जुन्या टीव्ही डिशवर सूर्य पकडा, मग गोविंद स्वरूप कळतील

भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या अभ्यासाचा, पाया घालणाऱ्या गोविंद स्वरूप सरांबद्दल वाचताना नुसत्या तारखा पाठ करू नका, गच्चीवर गंजत पडलेली टीव्हीची डिश काढा आणि सूर्याच्या रेडिओ लहरी पकडून बघा. सरांची भारतातली सुरुवातही वापरून झालेल्या डिशवरच झाली. १९५३ ला ते ऑस्ट्रेलियात शिकायला गेले, सिडनीजवळ पॉट्स हिलला सहा-सहा फुटी ३२ डिश होत्या, त्या आता लागणार नाहीत म्हटल्यावर यांनी भारतासाठी मागून घेतल्या आणि १९६५ ला त्याच आपल्या कल्याणला सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या!

सामान म्हणजे ६० सेंटीमीटरची डिश एलएनबीसकट (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, लहरी पकडणारा डबा), चालू सेटटॉप बॉक्स आणि काट्याचा साधा सॅटफाइंडर (सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारं छोटं मीटर). सॅटफाइंडर बॉक्स आणि एलएनबीच्या मधे जोडायचा, एलएनबीला करंट बॉक्समधूनच मिळतो. डिश मोकळ्या आकाशाकडे करा, सॅटफाइंडरचा नॉब फिरवून काटा खाली आणा, मग एलएनबीसमोर हात धरा, काटा वर जाईल, कारण कुठलीही गरम वस्तू रेडिओ लहरी सोडतेच. इथं काटा हललाच नाही तर आधी वायरचे जोड तपासा.

आता सूर्य. त्याच्याकडे थेट बघायचं नाही, सावलीवर काम करायचं, एलएनबीची सावली डिशच्या खालच्या कडेजवळ आली आणि परतलेला उजेड एलएनबीच्या तोंडावर जमला की निशाणा लागला. डिश चकचकीत असेल तर आधी मॅट रंग मारा नाहीतर एलएनबी वितळेल. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य टीव्ही सॅटेलाइटच्या पट्ट्याजवळ असतो, तेव्हा काटा नक्की कशाने हलला ते कळत नाही, ते दिवस टाळा.

काटा वर गेला की डिशला हात लावू नका, घड्याळ बघा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते आणि या डिशची नजर जेमतेम तीन अंशांची, त्यामुळे पाव तासात सूर्य निसटतो आणि काटा पडतो. सरांची ऊटीची रेडिओ दुर्बीण किती डोकं लावून बांधलीय ते इथं कळतं, ५३० मीटर लांब, उत्तर-दक्षिण, साधारण ११ अंश उताराच्या डोंगरावर, ऊटीचे अक्षांशही तेवढेच, म्हणजे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर, एकाच दिशेने फिरवत राहिलं की नऊ तासांहून जास्त वेळ तारा हातात राहतो. माझ्या मते सरांचं सगळ्यात देखणं काम हेच.

तुमची डिश भरीव पत्र्याची आहे, लहर अडीच सेंटीमीटरची म्हणून. पुणे जिल्ह्यातल्या खोडदला सरांनीच उभारलेल्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीत लहरी वीतभर ते दीड-दोन मीटर लांब, तिथं बारीक तारांची जाळी पुरते, वारा आरपार जातो, लोखंड कमी लागतं, म्हणून तर ४५ मीटरच्या ३० डिश परवडल्या. नारायणगावहून खोडद जवळच आहे, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन असतं, तेव्हा जा, अँटेनाजवळ मोबाइल मात्र बंद ठेवा.