हाताने नेट विणताय? या चुका टाळा

आमच्या वाडीच्या मंडळाने पहिली व्हॉलीबॉलची नेट स्वतः विणली तेव्हा हिशेब चोख मांडला होता. जाळीचं एक भोक म्हणजे घर. १० सेंटिमीटर बाजूचं घर, म्हणजे ताणून दोन बाजू एका रेषेत आल्यावर २० सेंटिमीटर. अशी ५० घरं विणली की झाली १० मीटर. उंचीला ताणून मीटरभर व्हावं म्हणून पाच घरं. आठवडाभर संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून विणली, दोघांनी दोन टोकं धरून ताणली, टेप लावली. बरोबर १० मीटर! मग खांबांना बांधली आणि बघतो तर घरं सगळी मिटलेली. नेट कुठली, जाड दोरखंड लटकत होता. घरं उघडावीत म्हणून सैल सोडली तर लांबी सातच मीटर उरली.

हाताने विणलेल्या दहापैकी आठ नेट इथेच बिघडतात, असा माझा अंदाज आहे. दोष गाठींकडे जातो, पण खरी चूक पहिली गाठ मारण्याआधी कागदावर झालेली असते.

नेहमीच्या पद्धतीने, ओळीमागून ओळ विणलेलं घर टांगल्यावर टोकावर उभं राहतं, पतंगासारखं. ते चौकोनी उघडलं की आडवी जागा कर्णाएवढी घेतं. १० सेंमी बाजूच्या चौकोनाचा कर्ण १४.१४ सेंमी. म्हणजे आमची ५० घरं नीट उघडून ७.०७ मीटर जाणार होती आणि उंचीला पाच घरं ७० सेंमी. तीच नेट ओढून ९ मीटर केली तर उंची ४४ सेंमीवर येते, आणि पुरी १० मीटर ओढली तर शून्यावर. रुंदी वाढवाल तेवढी उंची जाते, दोन्ही हातात राहत नाही. हवी होती ती ७१ घरं लांबीला आणि ७ उंचीला. ताणलेल्या मापाला ०.७ ने गुणायचं, एवढंच लक्षात ठेवलं असतं तर आमचा आठवडा वाचला असता.

बाजारातल्या नेटसारखी सरळ उभ्या-आडव्या रेषांची घरं हवी असतील तर कोपऱ्यातून सुरुवात करतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक घर वाढवत जायचं. उंचीची १० घरं कडेला भरली की एका कडेला वाढवणं चालू ठेवायचं आणि दुसऱ्या कडेला प्रत्येक वेळी एक घटवायचं. लांबी पुरी झाली की दोन्हीकडे घटवत शेवटच्या कोपऱ्यात संपवायचं. इथे सगळे एकच घोळ घालतात. चहाला उठतात, परत येऊन बसतात आणि वाढवायची कड कोणती, घटवायची कोणती हे विसरतात. दोन ओळी उलट गेल्या की जाळी वाकडी व्हायला लागते आणि कारण सापडत नाही. वाढवायच्या कडेला लाल दोऱ्याचा तुकडा बांधून ठेवा. आमच्याकडे तो अजून बांधतात.

दुसरी गोम पट्टीत आहे. घराचं माप सारखं यावं म्हणून ज्या पट्टीभोवती दोरी फिरवतो ती १० सेंमी रुंद घेतली की घर १० सेंमीचं येईल असं वाटतं. येत नाही. दोरी पट्टीच्या जाडीवरूनही फिरते. पट्टी ४ मिलिमीटर जाड असेल तर बाजू १०.४ सेंमी होते. लांबीला १०० घरांची नेट असेल तर ४० सेंमी जास्त. म्हणून पट्टी बारीक घ्या किंवा रुंदी तेवढी कमी करा, आणि दोन ओळी विणून गाठीच्या मध्यापासून पुढच्या गाठीच्या मध्यापर्यंत मोजून मगच पुढे जा. बांबूची पट्टी घासून गुळगुळीत हवी. कुस राहिली तर दोरीचे तंतू उचलते.

आता गाठ. ही मला मच्छीमारी सोडून अंगणात जाळी दुरुस्त करत बसणाऱ्या एका आबांनी शिकवली. माझी पहिली ओळ त्यांनी हातात घेतली, एका घराचे दोन पाय, म्हणजे गाठीतून निघणाऱ्या दोऱ्या, धरून फाकवले आणि गाठ सर्रकन खाली आली. म्हणाले, "ही गाठ नाय रे बाबू, हो फास आसा."

स्काउटमध्ये जिला शीट बेंड म्हणतात तीच ही गाठ. पट्टी वरच्या ओळीखाली धरायची. दोरी पट्टीच्या पुढून खाली न्यायची, मागून वर आणायची, सुई (जाळी विणायची, दोरी गुंडाळलेली) वरच्या घरातून मागून पुढे काढायची आणि घराचं टोक पट्टीच्या वरच्या कडेला टेकेपर्यंत खाली ओढायची. तिथे डाव्या अंगठ्याने चिमटून धरायचं. मग दोरीचा मोठा सैल वळसा डावीकडे वर टाकायचा, सुई त्या घराच्या दोन्ही पायांमागून उजवीकडून डावीकडे न्यायची, वळशातून बाहेर काढायची आणि आवळायची. आवळताना वळसा अंगठ्याच्या वरच बसला पाहिजे. तो घसरून अंगठ्याखाली उतरला की घराच्या टोकाला न बसता खालच्या दोरीलाच वेढा घालतो. दिसायला गाठ तशीच. चेंडू लागला की मात्र सरकते, एक घर मोठं होतं, शेजारचं लहान होतं आणि महिन्याभरात नेटला भोक पडल्यासारखं दिसतं. दोष अंगठ्याचा असतो. घाईत तो आवळण्याच्या आधीच उचलला जातो. आबांची परीक्षा प्रत्येक ओळीच्या शेवटी करा: पाचसहा गाठींचे खालचे पाय फाकवून बघा. सरकली तर तिथेच उसवा, दहा ओळींनंतर उसवणं म्हणजे शिक्षा.

गाठ बरोबर असूनही सरकत असेल तर दोरी बघा. हिरवी-निळी प्लास्टिकची दोरी, म्हणजे एचडीपीई, स्वस्त आणि पाण्यात न भिजणारी, पण गुळगुळीत. तिला वळशाचा आणखी एक वेढा देऊन दुहेरी गाठच मारावी लागते. नायलॉन गाठ चांगली धरतं, पण भिजलं की सैलावतं. कोरडी असताना तारेसारखी ताणून बांधलेली नेट पहिल्या सरीनंतर लोंबली तर बांधणाऱ्याला बोल लावू नका. किनाऱ्यावर जुन्या बारीक, पारदर्शक मच्छीमारी जाळ्यांची क्रिकेट नेट करायची हौस अनेकांना असते. परसात कोंबड्यांपासून भाजी राखायला ती उत्तम. क्रिकेटला नको, एकाच तंतूची ती दोरी बोटं कापते.

दोरी घेताना लेबल वाचायला शिका. २१० डी/३६ असं लिहिलेलं असेल तर २१० डेनियरचे ३६ धागे एकत्र पिळलेत. डेनियर म्हणजे ९००० मीटरचं ग्रॅममध्ये वजन. २१० गुणिले ३६ म्हणजे ७५६०, म्हणून एका किलोत ११९० मीटरच्या आसपास, पिळामुळे थोडी कमीच. हा आकडा मिलिमीटरभर जाडीच्या सुताचा झाला, व्हॉलीबॉलला याहून जाड लागतं आणि किलोत मीटर कमी मिळतात. १० बाय १ मीटरच्या सरळ घरांच्या नेटला गाठी सोडून २११ मीटर दोरी जाते आणि गाठी हजारावर असतात. एका गाठीत किती खपते ते आधी दहा गाठी मारून मोजा. अर्ध्यात दोरी संपून दुसऱ्या रंगाची जोडलेली नेट मी पाहिली आहे. तशी जोडावीच लागली तर जोड गाठीपाशी घ्या, घराच्या बाजूच्या मधोमध कधीच नको.

क्रिकेटच्या नेटला घराचं माप चुकतं ते वेगळ्याच कारणाने. चेंडूचा व्यास ७ सेंमीच्या किंचित वर, म्हणून लोक ६ सेंमीचं घर ठेवतात आणि चेंडू अडेल असं गृहीत धरतात. पण घर लोखंडी नाही, दोरीचं आहे. चेंडू आत घुसताना चौकोन गोल होतो, त्यामुळे बघायचा तो घेर. पुरुषांच्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंमी. ६ सेंमीच्या घराचा घेर २४. जोराचा फटका आरपार जाणारच. ५ सेंमीला २० होतो, तो अडवतो. मुलांचा चेंडू लहान असतो, घेर २०.५ पासून सुरू होतो. तिथे मी साडेचार सेंमीच्या पुढे जात नाही.

टांगणीचं लोक फार मनावर घेत नाहीत, आणि फाटते ती बहुतेक तिथेच. वरचा दोर घराघरातून नुसता ओवून काढला की चेंडू लागल्यावर सगळी घरं एका बाजूला गोळा होतात. दोरावर आधी खुणा करा, पतंगासारख्या घरांना १४ सेंमीवर, सरळ घरांना १० वर, आणि प्रत्येक खुणेला क्लोव्ह हिच, म्हणजे दोराभोवती दोन वेढ्यांची गाठ, मारून घर बांधा. कडेची ओळ दुहेरी दोरीची घ्या. व्हॉलीबॉलला वरची कड कडक ताण मागते, पुरुषांना मध्यावर २.४३ मीटर, महिलांना २.२४, आणि बाजूच्या रेषांवर दोन्हीकडे सारखी उंची, मध्यापेक्षा फार तर २ सेंमी जास्त. क्रिकेट आणि फुटबॉलला याच्या उलट: झोळ हवाच. ढोलासारखी ताणलेली क्रिकेट नेट चेंडू परत फेकते आणि गाठीपाशी तुटते. फुटबॉलच्या गोलला जाळी लावायची कल्पना लिव्हरपूलच्या जॉन अलेक्झांडर ब्रॉडी या इंजिनिअरची. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, या भांडणावरचा तो उपाय होता, आणि जानेवारी १८९१ मध्ये नॉटिंगहॅमला उत्तर विरुद्ध दक्षिण सामन्यात ती लागली. गोल झालेला चेंडू जाळीत पडून राहायला हवा, म्हणून ती खिशासारखी सैलच बांधतात.

दोरीची टोकं मेणबत्तीवर जाळताना गाठीपासून सेंटिमीटरभर शेपूट सोडा. गाठीला आच लागली की नायलॉन वितळून कडक होतं आणि पुढे तिथेच मोडतं. पावसाळ्याआधी नेट उतरवून, वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी टांगा. ऊन नायलॉनला खातं, खेळ नसताना मैदानात ठेवायचं काही कारण नाही.

आणि फाटल्यावर भोकावर नवीन तुकडा शिवू नका. आबांची रीत अशी: आधी कात्रीने भोक आणखी मोठं करायचं. भोकाभोवतीच्या प्रत्येक गाठीला दोनच पाय शिल्लक ठेवायचे, बाकीची लोंबणारी टोकं गाठीपाशी कापून टाकायची. फक्त सर्वांत वरच्या एका आणि सर्वांत खालच्या एका गाठीला तीन पाय ठेवायचे. वरच्या तीन पायांच्या गाठीपासून विणायला घ्यायचं, डावीउजवीकडे जात खाली यायचं आणि खालच्या तीन पायांच्या गाठीला शेवटची गाठ मारायची. एका अखंड दोरीत भोक भरतं. खाली पोचल्यावर एखादं घर उघडंच राहिलं, किंवा दोरी उरली आणि बांधायला जागाच नाही, असं झालं तर विणण्यात चूक शोधू नका. कात्री कुठेतरी एक पाय जास्त चाललेली असते.