यकृत प्रत्यारोपणाची फेलोशिप : ऑपरेशन थिएटरबाहेरचे एक वर्ष

यकृत प्रत्यारोपणाच्या एका वर्षाच्या फेलोशिपला मी रुजू झालो तेव्हा एमबीबीएसची साडेपाच, एमडी मेडिसिनची तीन आणि डीएम गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीची (पचनसंस्थेच्या विकारांची) तीन अशी साडेअकरा वर्षे मागे पडली होती. ऑपरेशन सर्जन करणार, मग तू वर्षभर काय करणार, असा वडिलांचा प्रश्न होता आणि त्याचे नीट उत्तर तेव्हा माझ्याजवळही नव्हते. (डीएम हेपॅटॉलॉजी हा केवळ यकृतविकारांचा वेगळा अभ्यासक्रमही दिल्लीच्या आयएलबीएस आणि चंदीगडच्या पीजीआयसारख्या संस्थांत आहे, त्या वाटेने आलेल्यांची यकृताच्या आजारांवरील पकड अर्थातच अधिक घट्ट असते.)

प्रत्यारोपण कोणाला करायचे, केव्हा करायचे आणि नवे यकृत वर्षानुवर्षे कसे टिकवायचे, हे हेपॅटॉलॉजिस्टचे, म्हणजे यकृतविकारतज्ज्ञाचे काम. यकृताचा आजार किती गंभीर आहे हे सांगणारा मेल्ड गुणांक बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याचे मोजमाप) आणि सोडियम या रक्ततपासण्यांवरून काढतात, तो ६ ते ४० असतो आणि तो कोणालाही मोबाइलवर काढता येतो. मात्र गुणांक केवळ १४ असूनही ज्याच्या पोटातले पाणी दर आठवड्याला काढावे लागते, जेवण जात नाही आणि दंडाचे स्नायू झडून गेले आहेत, अशा रुग्णाला थांबवून ठेवणे चुकीचे ठरते, हे केवळ आकड्याकडे पाहून कळत नाही.

आपल्याकडे बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात, त्यामुळे दात्याची तपासणी हा शिकण्याचा सर्वांत मोठा भाग ठरतो. यकृताचा काढलेला भाग रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी भरावा आणि दात्याकडे त्याच्या यकृताचा किमान ३० टक्के भाग उरावा, हे गणित सीटी स्कॅनवर सुटते. त्यापुढचे गणित बंद दाराआड, दात्याला एकट्याला बसवून सोडवावे लागते. नवऱ्याला यकृत देण्यास तयार असलेली एक बाई सासरच्या माणसांसमोर प्रत्येक प्रश्नाला होकारार्थी मान हलवत होती, माणसे बाहेर गेल्यावर तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळत, "नाही म्हटलं तर माझं नाव येईल का हो?" असे विचारले. अशा वेळी वैद्यकीय कारणास्तव दाता अपात्र एवढेच नातेवाइकांना सांगायचे असते, हे मी त्या दिवशी वरिष्ठांकडून शिकलो.

माझी चूकही सांगतो. प्रत्यारोपणानंतर चार महिने झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची, पातळी १८ इतकी जास्त आली आणि मी फोनवरूनच डोस निम्मा केला. दोन आठवड्यांत त्याचे यकृताचे एन्झाइम्स वाढले आणि बायोप्सीत सौम्य रिजेक्शन, म्हणजे शरीर नवे यकृत नाकारू लागल्याचे, निघाले. "कॅप्सूल किती वाजता घेतली होती?" एवढेच सरांनी विचारले. रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचे असते. त्याने कॅप्सूल घेऊन, नाश्ता करून मग रक्त दिले होते, म्हणून पातळी उगाच जास्त दिसली होती. डोस वाढवून प्रकरण निभावले. त्यानंतर वेळ विचारल्याशिवाय मी कोणताही रिपोर्ट वाचलेला नाही.

नोकरीचे म्हणाल, तर हे काम मुख्यतः मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत चालते आणि एकट्याने दवाखाना थाटून ते करता येत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयू आणि रक्तपेढी असे सारे एका छताखाली लागते. गावाकडे परतण्याची इच्छा असणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. तरीही प्रत्यारोपण झालेले रुग्ण जिल्ह्याजिल्ह्यांत राहतात आणि त्यांना जवळपास पाहणारा जाणकार डॉक्टर हवाच असतो. अमेरिकेत गॅस्ट्रोच्या फेलोशिपनंतर याच विषयाचे स्वतंत्र वर्ष असते, परंतु इथून जाणाऱ्याला तिथली रेसिडेन्सी (निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण) सहसा पहिल्यापासून करावी लागते.

केंद्र निवडताना वर्षाला किती ऑपरेशने होतात हे सगळेच विचारतात. जुन्या रुग्णांची ओपीडी फेलो स्वतः चालवतो की कोपऱ्यात बसून केवळ कागद भरतो, हे मात्र आधीच्या वर्षीच्या फेलोला कॅन्टीनमध्ये गाठून विचारावे. मुलाखतीच्या खोलीत त्याचे खरे उत्तर मिळत नाही.