गादीला ढेकणांचं कव्हर घातलंय? मग या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मुलगी हॉस्टेलमधून गादीची वळकटी घेऊन आली आणि आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांच्या झोपेचं खोबरं झालं. मी लगेच कव्हर मागवलं, घातलं आणि निर्धास्त झाले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मनगटावर ओळीने गांध्या. कव्हर चांगलं होतं, वापरताना मी चुकले होते. त्याच चुका आता ओळखीपाळखीत बघते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कव्हर ढेकूण मारत नाही. गादीत आहेत त्यांना ते आत कोंडतं आणि बाहेरच्यांना गादीच्या शिवणीत लपू देत नाही. बाकीचं काम आपल्यालाच करावं लागतं.

खरेदीतली चूक

'मॅट्रेस प्रोटेक्टर' म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा चार कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली जाड चादर असते. चहा सांडला, बाळाने शू केली, तर ठीक. पण गादीची खालची बाजू उघडीच राहते आणि ढेकणांना अंधारी, दबलेली तीच जागा हवी असते. आपल्याला सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची खोळ हवी. मापं घेताना लांबी-रुंदी सगळे बघतात, जाडी विसरतात. चार इंची गादीला आठ इंची खोळ घातली की चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत नवी वस्ती होते. घट्ट पडली तर कोपऱ्याची शिवण उसवते. उश्यांनाही तशीच खोळ लागते, हे बरेच जण विसरतात.

चेनचं टोक

माझी चूक इथेच झाली. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही. तो चालतो आणि फटीत शिरतो. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं, त्यात उपाशी असेल तर अगदी चपटं. बारीक दातांच्या चेनमधून ते जात नाही. जातं ते चेन संपते तिथून, रनरच्या खालून. मी चेन पूर्ण ओढली होती, पण चादर खोचताना रनर करंगळीच्या नखाएवढा मागे सरकला होता. टॉर्च मारून पाहिलं तर तिथल्या शिवणीवर बॉलपेनची शाई टिपल्यासारखे काळे ठिपके. ओल्या कापसाने पुसले तर लालसर तपकिरी पसरले. ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

चांगल्या खोळीला चेनच्या शेवटी झाकणारी पट्टी असते. ती नसेल तर रनर टोकाला नेऊन वरून रुंद कापडी चिकटपट्टी घट्ट लावा. दर आठवड्याला चादर बदलताना त्या टोकावर बोट फिरवून बघा.

गादी झाकली, पलंग राहिला

आपल्याकडे सामान ठेवायच्या पेटीचा प्लायवूडचा पलंग घरोघरी असतो. प्लायचे सांधे, स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, सनमायका सुटलेली कड, सगळीकडे ढेकूण राहतो. गादीला महागडी खोळ घालून तिला याच पलंगावर परत टाकली तर चावे थांबणार कसे? पेटी रिकामी करा, फळ्या काढा, फटींत व्हॅक्युम फिरवा आणि त्याची पिशवी बांधून लगेच घराबाहेर टाका. पलंग भिंतीपासून चार बोटं लांब घ्या. पांघरूण जमिनीला लोंबू देऊ नका. मच्छरदाणीची शिवणही तपासा.

पलंगाच्या पायांखाली वाट्या ठेवत असाल तर कोरड्या प्लास्टिकच्या वाटीवर भरवसा नको. थंड देशांतला ढेकूण गुळगुळीत भिंतीवर घसरतो, पण आपल्याकडे सर्रास आढळणारी उष्ण प्रदेशातली जात त्यावरही चढू शकते. वाटीत साबणाचं पाणी घाला.

घाई

गादी ओलसर असताना खोळ घातली तर आत बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास. आधी शिवणींवरून व्हॅक्युम, मग पूर्ण वाळवणं, मग खोळ. उन्हाने काम भागेल असं मात्र समजू नका. वरचा थर तापला की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. आणि उघडी गादी हॉलमधून गच्चीवर नेताना चार-दोन वाटेत सोफ्यापाशी उतरतात. चादरी-अभ्र्यांसाठी ६० अंशांचं गरम पाणी चालतं, पण ते कपडेही बांधलेल्या पिशवीतूनच न्या.

धुवायला काढणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. महिनाभर चावे थांबले की खोळ मळली म्हणून लोक काढतात आणि कोंडलेले ढेकूण मोकळे होतात. रक्ताशिवाय ढेकूण कित्येक महिने जगतो, थंड हवेत वर्षभरही. म्हणून निदान एक वर्ष खोळ उघडायची नाही. वरून नेहमीची चादर घाला आणि चादरच धुवा. लोखंडी पलंगाच्या धारेने खोळ फाटली तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

पेस्ट कंट्रोल केलं असेल तर दुसरी फेरी चुकवू नका. फवारणीतून अंडी वाचतात आणि साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. वैतागून पलंगावर रॉकेल ओतू नका. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणसं दगावतात, शेजारच्या खोलीतलीसुद्धा.

आमच्या खोळीच्या लेबलवर मी मार्करने २१ नोव्हेंबर लिहून ठेवलं आहे. पुढचा २१ नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्या चेनला कोणी हात लावायचा नाही, हे मुलीलाही सांगून ठेवलंय.