लेक मिशिगनवर सॅमनची चार्टर ट्रिप: या चुका टाळा

अमेरिकेतल्या लेक मिशिगनला सरोवर म्हणतात, पण त्याचा पसारा सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे आणि सर्वांत खोल जागी तळ २८१ मीटरवर लागतो. पाणी गोडं, वागणं समुद्राचं. शिकागो, मिलवॉकी, रसीन, लडिंग्टन अशा बंदरांतून उन्हाळाभर सॅमन आणि ट्राउटसाठी खासगी चार्टर बोटी, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने घ्यायच्या बोटी, सुटतात. मासा शोधणं हे कॅप्टनचं काम आणि तो ते जवळजवळ रोज करतो. ट्रिप बिघडते ती बहुतेकदा बाकीच्या गोष्टींनी. महिना चुकतो, माणसं जास्त होतात, लायसन्स राहतं, पोट ढवळतं, आणि शेवटी गळाची दांडी हातात असताना बोटीपासून दहा फुटांवर मासा सुटतो. यातली प्रत्येक गोष्ट पाहुण्यांच्या हातातली आहे.

सुट्टी बघून महिना ठरवणं

सॅमन इथला मूळचा नाही. बाहेरून घुसलेल्या आलेवाइफ नावाच्या छोट्या माशाचा सरोवरात सुळसुळाट झाला होता. त्याला खाऊन आटोक्यात ठेवील असा मासा हवा म्हणून मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सॅमन सोडायला सुरुवात केली. लेक ट्राउट मात्र इथलाच. हे सगळे मासे खाद्य आणि पाण्याचं तापमान यांच्या मागे फिरतात, त्यामुळे कुठल्या महिन्यात काय मिळेल हे बरंचसं ठरलेलं असतं.

एप्रिल-मे मध्ये सरोवराचं दक्षिण टोक आधी तापतं, आणि शिकागो-इंडियानाच्या बाजूला कोहो किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात येतात. मासा लहान, साधारण दोन ते चार पौंडांचा, पण संख्येने भरपूर आणि चवीला उत्तम. मुलं बरोबर असतील तर हाच मोसम घ्यावा. जुलै ते ऑगस्टचा मध्य हा मोठ्या चिनूकचा काळ. तिथे त्याला नुसतं ‘किंग’ म्हणतात. दहा-वीस पौंडांचा मासा, खोल पाण्यात. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये हेच किंग अंडी घालण्यासाठी नद्यांच्या मुखांशी गोळा होतात. फोटो झकास येतो, पण तोवर माशाने अंगातली चरबी अंड्यांकडे वळवलेली असते, मांस फिकट आणि मऊ पडलेलं असतं. खाण्यासाठी जाणार असाल तर सप्टेंबर धरू नका. बुकिंग करताना ‘कुठली तारीख मोकळी आहे?’ याच्या आधी ‘आम्हाला अमुक हवं आहे, कधी येऊ?’ असं विचारा.

‘सहापेक्षा जास्त आहोत, पण मुलं लहान आहेत, चालेल ना?’

चालत नाही. बहुतेक चार्टर कॅप्टनांकडे अमेरिकी तटरक्षक दलाचा जो परवाना असतो, त्यात पैसे देऊन आलेल्या गटातले जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात. मांडीवरचं मूलही त्यात मोजलं जातं. आठ जण असाल तर दोन बोटी घ्या, किंवा सहापेक्षा जास्त प्रवाशांसाठी तपासणी झालेली मोठी बोट शोधा. पहाटे पाचला धक्क्यावर उभं राहून कोणाला मागे ठेवायचं हे ठरवण्यासारखी वाईट सुरुवात नाही. चार्टरचा दर सहसा पूर्ण बोटीचा असतो, माणशी नसतो. मदतनिसाची, म्हणजे मेटची, १५ ते २० टक्के टिप त्यात धरलेली नसते, ती रोख जवळ ठेवा.

लायसन्स बंदरावर घेऊ म्हणणं

कॅप्टनचा परवाना बोटीचा. मासेमारीचं लायसन्स प्रत्येकाचं वेगळं. इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमध्ये १६ वर्षांपासून पुढे, मिशिगनमध्ये १७ आणि इंडियानात १८ वर्षांपासून पुढे ते लागतं. विस्कॉन्सिनमध्ये साध्या वार्षिक लायसन्सवर सॅमन-ट्राउटचा वेगळा स्टॅम्प, म्हणजे जादा परवानगी, घ्यावी लागते, आणि इथेच लोक अडकतात. लायसन्स असतं, स्टॅम्प नसतो. दुसरी गफलत हद्दीची. शिकागोच्या दक्षिणेकडून सुटलेली बोट वसंतात सहज इंडियानाच्या पाण्यात जाते. म्हणून ‘कोणत्या राज्याचं घ्यायचं?’ हे कॅप्टनलाच विचारा आणि आदल्या दिवशी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावरून घेऊन टाका. आजी-आजोबा नुसते बसायला येणार असतील तर त्यांना लागत नाही, पण त्यांच्या हातात दांडी दिली की लागतं. रोज माणशी किती मासे ठेवता येतात आणि त्यात लेक ट्राउट किती, हेही राज्याप्रमाणे बदलतं. तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

पाऊस बघणं, वारा न बघणं

पावसात मासेमारी उत्तम होते. ट्रिप रद्द होते ती वाऱ्यामुळे. राष्ट्रीय हवामान सेवेच्या किनारपट्टी अंदाजात लाटांची उंची फुटांत दिलेली असते. एक-दोन फूट म्हणजे आरामात. दोन ते चार फुटांत नवख्यांचे हाल होतात. चार फुटांवर छोट्या बोटींसाठी इशारा निघतो. ‘तीन फूट म्हणजे काय, कोकणात याहून मोठ्या पाहिल्यात’ असं म्हणू नका. महासागराच्या लाटांमध्ये अंतर असतं, बोट त्यावर चढते आणि उतरते. इथल्या लाटा तीन-चार सेकंदांनी एकापाठोपाठ एक येतात आणि बोट नुसती आपटत राहते. कॅप्टन नाही म्हणाला तर आग्रह करू नका, आणि लांबून येणार असाल तर एक राखीव दिवस आधीच बोलून ठेवा.

कपड्यांचीही हीच गोष्ट. मे महिन्यात शहरात २५ अंश असले तरी पाणी सात-आठ अंशांवर असतं, आणि त्यावरून येणारा वारा तितकाच गार. थर्मल, स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट असे थर घाला. बुटांचे तळवे मऊ आणि फिक्या रंगाचे असावेत, काळे तळवे डेकवर डाग पाडतात.

पोट

रिकाम्या पोटी येणं आणि पुरी-भाजी हाणून येणं, दोन्ही सारखंच वाईट. निघण्यापूर्वी तासभर आधी कोरडी पोळी, टोस्ट किंवा खाकरा, बरोबर थोडं पाणी. मळमळीची गोळी मळमळायला लागल्यावर काही करत नाही. मेक्लिझिनसारखी गोळी किमान एक तास आधी पोटात हवी. गुंगी येऊ शकते, इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. बोटीवर केबिनमध्ये शिरू नका, फोनमध्ये बघू नका, डिझेलच्या धुरापासून दूर उभे राहा आणि क्षितिजावर नजर ठेवा. उलटी झालीच तर वारा पाठीवर येईल अशा बाजूच्या कठड्यावर जा.

डब्यात काहीही न्या, केळी मात्र नेऊ नका. बोटीवर केळं असलं की मासा लागत नाही अशी तिथल्या बऱ्याच कॅप्टनांची पक्की समजूत आहे, आणि दिवसभर ज्याच्या भरवशावर राहायचं त्याचा मान राखावा.

मासा लागेना म्हणून घाई करणं

दीड तास काही झालं नाही की पाहुणे दुसऱ्या बोटीकडे बोट दाखवून ‘तिकडे चला’ म्हणू लागतात. इथे जागेपेक्षा खोली महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी २० अंशांवर असतं आणि वीस-पंचवीस मीटर खाली एकदम १० वर येतं. चिनूकला साधारण १० ते १३ अंश मानवतात, लेक ट्राउटला ७ ते १०. म्हणून बोटीवरच्या दहा-बारा दांड्या वेगवेगळ्या खोलीवर लावलेल्या असतात. काही डाउनरिगरवर, म्हणजे दहा-बारा पौंडांच्या शिशाच्या गोळ्याला क्लिपने अडकवून थेट खाली. काही डिप्सी डायव्हरवर, ही ताटली आमिषाला खाली आणि बाजूला ओढते. काही लेडकोर, म्हणजे आत शिसं असलेल्या दोरावर, ज्याचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो आणि नेहमीच्या वेगाला एक रंग साधारण पाच फूट बुडतो.

कालची खोली आज चालत नाही, कारण वारा पाणी सरकवतो. विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवस दक्षिणेचा किंवा पश्चिमेचा वारा राहिला की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर, सरोवराच्या आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. पूर्वेचा वारा सुटला की उलट होतं आणि गार थर खोल जातो. शिवाय खोलातला प्रवाह वेगळाच असतो. जीपीएसवर अडीच मैल वेग दिसतो, पण खाली आमिष दीड मैलाने रेंगाळत असू शकतं. डाउनरिगरचा काउंटर, म्हणजे किती दोर सुटला ते मोजणारा आकडा, शंभर फूट दाखवत असला तरी पाण्याच्या ओढीने गोळा मागे झुकलेला असतो आणि प्रत्यक्ष खोली त्याहून कमी भरते. म्हणून चांगला कॅप्टन गोळ्याजवळ तापमान-वेग मोजणारं यंत्र लावतो आणि अधूनमधून बोट वळवतो. वळणावर आतल्या बाजूच्या दांड्या हळू होतात, बाहेरच्या वेगाने धावतात. आतल्या बाजूला मासा लागला तर वेग कमी करायचा, बाहेरच्या लागला तर वाढवायचा. त्याला ही जुळवाजुळव करू द्या. तुमच्याकडून मदत हवी असेल तर एवढीच, की पहाटेचा पहिला तास वाया घालवू नका. बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी पाणी गाळून इतकं नितळ केलं आहे की ऊन चढल्यावर मासे खोल जातात. साडेपाचची बोट आणि साडेसातची बोट यांत हाच फरक.

सनस्क्रीन किंवा डासांचं औषध लावलेल्या हातांनी आमिषाला शिवू नका. सॅमनचं नाक फार तिखट असतं.

दांडी हातात आल्यावर

सर्वांत जास्त मासे इथे जातात.

पहिली चूक झटका देण्याची. गळाला मासा लागला त्या क्षणी बोट पुढे चाललेली असतेच, गळ रुतलेला असतो. वरून जोरात हिसडा दिला की तोंडातलं भोक मोठं होतं आणि पुढच्या मिनिटाला गळ निसटतो. दांडी होल्डरमधून सरळ वर काढा, आडवी ओढू नका. वाकलेली दांडी आडवी निघत नाही. डाउनरिगरवरची दांडी असेल तर तंगूस क्लिपमधून सुटल्यावर क्षणभर सैल पडते. तेव्हा वजन जाणवेपर्यंत भराभर गुंडाळा. नवशिके इथेच ‘सुटला’ म्हणून थांबतात, आणि मग खरंच सुटतो.

दुसरी चूक ड्रॅगला हात लावण्याची. रिळाचा ताण कॅप्टनने ठरवलेला असतो. किंग पळायला लागला की शंभर यार्ड सहज नेतो. रीळ किरकिरत असताना हँडल फिरवू नका. दांडी साधारण ४५ अंशांत धरून नुसतं पळू द्या, थांबला की गुंडाळा. दांडी डोक्याच्या वर उभी केली तर सगळा भार तिच्या टोकावर येतो आणि ती मोडू शकते. खाली माशाकडे झुकवली तर तिचा वाक जातो आणि सगळा ताण तंगुसावर येतो. बोट का थांबवत नाहीत, असा प्रश्न हमखास येतो. थांबली तर बाकीचे सगळे दोर बुडून एकमेकांत अडकतील आणि तुमचाही ताण जाईल.

जुलै-ऑगस्टमध्ये काटेरी पाणपिसवा तंगुसावर कापसाच्या बोळ्यासारख्या जमतात आणि दांडीच्या टोकाच्या कडीत अडकतात. रीळ अचानक फिरेना झालं तर जोर लावू नका, मेटला हाक मारा, तो बोटांनी झटकून काढतो.

तिसरी चूक शेवटच्या पंधरा फुटांत. बोट दिसली की मासा पुन्हा खाली धाव घेतो, तेव्हा तोंडावर ताण धरून ठेवला तर तंगूस तुटते. पुन्हा पळू द्या. डिप्सी असेल तर तो दांडीच्या टोकापासून सहा-आठ फुटांवर आला की गुंडाळणं थांबवा. टोकावर आपटला तर टोक मोडतं. मग दांडी वर धरून दोन पावलं मागे सरका, मासा आपोआप बोटीकडे येतो आणि मेट त्याला डोक्याकडून जाळीत घेतो. शेपटीकडून जाळी लावली की मासा पुढे उसळतो. जाळी पाण्यात असताना कठड्याशी वाकून फोटो घेऊ नका. मासा आणि तुमच्यामध्ये तीन टोकांचा गळ ताणलेला असतो.

घरी नेताना

मोठा कूलर गाडीत ठेवा, बोटीवर छोटी मऊ पिशवी पुरे. धक्क्यावर मासा साफ करून देणारे सहसा बिनकाट्याचे, लांब फिले करतात. आपल्याला तुकड्या हव्या असतील तर सुरी चालण्यापूर्वी सांगा, आणि त्या लहान कोहोच्याच घ्या. फिले बंद पिशवीत घालून बर्फावर ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासा तरंगत राहिला तर दोन तासांत पिचपिचीत होतो.

डोकं आणि गाभोळी टाकवत नाही हे खरं, तरी इथल्या मोठ्या माशांची टाकावीच. सरोवरात जुनी औद्योगिक रसायनं, विशेषतः पीसीबी, आहेत आणि ती चरबीत साठतात. मोठ्या, म्हाताऱ्या लेक ट्राउटमध्ये सर्वांत जास्त. कातडी, पोटाची चरबी आणि कुशीतली तपकिरी पट्टी काढून टाकली, जाळीवर भाजून तेल गळू दिलं, की प्रमाण बरंच घटतं. पाऱ्याचं तसं नाही, तो मांसातच असतो. गरोदर बाई किंवा लहान मुलं खाणार असतील तर राज्याची मासे खाण्याविषयीची सूचना आधी वाचा. कच्चा खाऊ नका, गोड्या पाण्यातल्या सॅमनमध्ये पट्टकृमी असू शकतो.

आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणतात म्हणून रावसासारखं कालवण करायला जाल तर फसाल. दोघांचं काहीच नातं नाही. किंग बांगड्यासारखा तेलकट असतो, म्हणून नारळाच्या दाट रसापेक्षा कोकम आणि तिरफळ त्याला जास्त शोभतं. तळायचा असेल तर तव्यावर अगदी थोडं तेल सोडा, इंचभर जाडीच्या फिलेला दोन्ही बाजू मिळून आठ-दहा मिनिटं पुरतात.